दहा माणसं, अकरा कार्डं

"बघून सांग. आठवून नको."

हे म्हणायच्या आधी अण्णा डोळे मिटून घेत. लाल बांधणीची वही मांडीवर उघडली जाई, पेन्सिल कानामागून हातात येई आणि मान जरा डावीकडे कलती होई. रेडिओवर बातम्या लागायची वाट बघणारा माणूस बसतो ना, तसे ते बसत. मग विचारत, "एक?" मशीनसमोर उभं असलेल्यानं पहिल्या जागी काय आहे ते सांगायचं. खटका वर की खाली. तार डावीकडे की उजवीकडे. मग "दोन?" मग "तीन?" असं अठरापर्यंत.

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल. दरवाजाला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणारा. आपण त्याला हसतो आणि तो रजेवर गेला की आपल्यालाच चैन पडत नाही. आमचे अण्णा तसे होते. पण आमच्याकडे कुलूप एक नव्हतं, अठरा होती.

गिरणीच्या ऑफिसमागे एक लांबट खोली होती. दारावर इंग्रजीत टॅब्युलेटिंग डिपार्टमेंट अशी पाटी होती आणि सगळी गिरणी तिला भोकांचं खातं म्हणायची. तेही खरंच होतं. हजारो कामगारांची हजेरी आम्ही पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून साठवायचो. एका कार्डावर एका माणसाचा नंबर, तो ज्या खात्यात राबला त्या खात्याचा आकडा आणि तिथं भरलेले दिवस. ही कार्डं क्रमानं लावून मोठ्या मशीनला चारायची. ते भोकं वाचायचं, बेरजा करायचं आणि कागदावर ओळीमागून ओळ छापायचं. आवाज असा, की खोलीबाहेर आल्यावरही तासभर आपण ओरडूनच बोलायचो.

मशीनला स्वतःची अक्कल नव्हती. काय मोजायचं, बेरीज कशावर मारायची, हे त्याला तारा खोचून आणि खटके वरखाली करून सांगावं लागे. कामानुसार हे सगळं बदलायचं. कुठल्या कामाला कुठली तार कुठं, ते लाल वहीत लिहिलेलं होतं. पण अण्णांचा वहीवर विश्वास नव्हता.

"वहीत काय लिवलंय ते वहीला म्हाईत," ते म्हणत. "मशीनमधी काय हाय ते मशीनला विचार की."

म्हणून एकानं वही धरायची, दुसऱ्यानं मशीन बघायचं, आणि मशीन बघणाऱ्यानं वहीत डोकवायचं नाही.

मी त्या खोलीत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीकडं. वडील गेले तेव्हा मी नववीत होते. शाळा तिथंच थांबली. पुढं ताईचं पहिलं बाळंतपण आलं, भाऊजींची रेल्वेत सोलापूरला बदली झालेली, म्हणून मदतीला आले. दीड दिवसाचा प्रवास. येताना आईनं पायलीभर तांदूळ बांधून दिला होता, तिकडं ज्वारीच खातात असं तिनं ऐकलं होतं. बाळंतपण झालं, तांदूळ संपला, मी राहिले. भाऊजींच्या ओळखीनं टायपिंग शिकले आणि गिरणीत रोजंदारीवर लागले.

रोजंदारीवर म्हणजे रोज भीती. नोकरीच्या अर्जात शिक्षणाच्या रकान्यापुढं मी खरं तेच लिहिलं होतं, नववी, पण इतक्या बारीक अक्षरात की कुणी वाचलंच नाही. कुणी तरी एक दिवस चष्मा लावून तो अर्ज वाचेल आणि मला गाडीत बसवून देईल, असं मला वाटत राही.

त्यात बोलणंही वेगळं. पहिल्याच आठवड्यात मी अंबादासला "काहून?", म्हणजे का, असं विचारलं. अंबादास आमच्याकडं कार्डं लावायचं काम करी. तो विणकरांच्या घरातला. घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि चिडला की दोन्ही. त्यानं त्या दिवसापासून माझं नाव काहूनबाई ठेवलं.

"काहूनबाई, कार्डं आण की."

"काहूनबाई, चहा आला बघ."

एकदा अण्णांनी ऐकलं. म्हणाले, "अंबादास, ती इच्यारते तरी. तू कदी काय इच्यारलायस का रं?"

अण्णा अक्कलकोटच्या बाजूचे. घरी कानडी बोलणारे. पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, दुपारच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. डबा उघडला की पहिला तुकडा ते माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवत. मला ती चटणी सोसायची नाही, डोळ्यांतून पाणी यायचं. ते म्हणत, "रडायचं आसंल तर आत्ताच रडून घे, कुणाला कळायचं न्हाय." मी खरंच कधी कधी रडून घेई.

आता मला त्यांनी पकडलं ते सांगते.

माझं पाठांतर चांगलं. शाळेत मी त्याच जोरावर पुढं होते. अठरा जागा मला आठवड्याभरात पाठ झाल्या, सगळ्या कामांच्या. मग अण्णांनी "एक?" म्हणायचा अवकाश, मी "वर" म्हणून मोकळी. "पाच?" "डावीकडे." "नऊ?" "रिकामी." ते विचारायच्या आत माझं उत्तर तयार. आमच्या खात्याच्या साहेबांसमोर एकदा असं घडघडा सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "हुशार आहेत हो बाई." मी दोन दिवस हवेत होते.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच सांगितलं. अण्णांनी प्रत्येक उत्तराला "बरं" म्हटलं, वहीत खुणा केल्या आणि मशीन सुरू केलं. कागदावर जे छापून आलं ते भलतंच होतं. आकडे एका घरानं सरकलेले.

"अण्णा, असं कसं?" मी विचारलं.

"अकराव्या जागंला काय म्हनलीस तू?"

"खाली."

"बघ बरं."

मी बघितलं. खटका वर होता.

"सकाळी मीच केलता वर," अण्णा म्हणाले. "तू सांगितलंस खाली. तुज्या डोस्क्यात खाली हाय. मशीनमधी वर हाय. कागुद कुणाचं ऐकल?"

मला वाटलं, झालं, आता अर्ज वाचला जाणार. मी पदर तोंडाला लावला. अण्णांनी कागद फाडून टोपलीत टाकला आणि खटका स्वतः खाली केला.

"शाळंत आठवून सांगितलं की शाबासकी मिळती," ते म्हणाले. "हितं न्हाय मिळत. हितं यड्यावानी बघत ऱ्हायचं. रोज बघितलेलं आसलं तरी पयल्यांदा बघतोय आसं बघायचं. नोडी हेळव्वा. बघून सांग."

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. अंबादासलाही नाही. मी शाळा अर्धवट सोडली होती आणि त्या दिवशी मला वाटलं, ती उरलेली शाळा हीच आहे.

अठरा जागा तपासल्यावरही अण्णांचं समाधान व्हायचं नाही. मग यायची दहा माणसं.

ही दहा माणसं गिरणीत नव्हती, कुठंच नव्हती. अण्णांनी स्वतः पंच केलेली ती कार्डं होती, खाकी पाकिटात ठेवलेली. कुठल्याही कामाआधी ती मशीनला चारायची. त्यांची उत्तरं आम्हाला आधीच माहीत असत. तीच छापून आली तर मशीन बरोबर, नाही तर थांबायचं. कार्डांवर फक्त आकडे होते. नावं अण्णांच्या तोंडात होती.

पहिला गंगाराम. त्याचे दिवस बरोबर दोनशे चाळीस. दुसरा त्याचा मेव्हणा, दोनशे एकोणचाळीस.

"एका दिवसानं ऱ्हायला बिचारा," अण्णा सांगत. "भाच्याच्या लग्नाला मंद्रूपला गेलता. बायकू म्हनत हुती जाऊ नगा."

तिसरा भरती होऊन एकही दिवस न आलेला. "त्याला काम नगं हुतं, सासऱ्यानं लावलतं." पाचव्याच्या नंबराआधी तीन शून्यं, तो जुना माणूस, मालकांच्या आजोबांच्या वेळचा. आणि सातवी चंद्रव्वा. चंद्रव्वाची कार्डं दोन होती, कारण ती दोन खात्यांत राबलेली. सूतखात्यात एकशे तीस दिवस, सूत गुंडाळायच्या रिळिंगमध्ये एकशे पंधरा. म्हणून माणसं दहा आणि कार्डं अकरा. मशीननं दोन्ही कार्डांचा नंबर एकच आहे हे ओळखून चंद्रव्वाची एकच ओळ छापायची, दोनशे पंचेचाळीस.

मशीन थांबलं की अण्णा एवढंच विचारत, "दहा जण आले का?"

"आले."

"चंद्रव्वा?"

"आली, अण्णा. दोनशे पंचेचाळीस."

"मग चालू दे."

चंद्रव्वाची दोन कार्डं कडांना मऊ पडली होती. सगळ्यांत जास्त काळजी तिचीच घेतली जायची. एकदा अंबादासनं विचारलं, "अण्णा, ह्या चंद्रव्वाचं लगीन झालंय का हो?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "दोन खात्यांत राबतीया, तिला कुटला येळ?"

पुढं पुढं मला एक गोष्ट दिसायला लागली होती. वहीतल्या अण्णांच्या खुणा चौकटीबाहेर जात होत्या. एकदा तर सगळ्या अठरा खुणा भलत्याच पानावर होत्या. मी काही बोलले नाही. वयाचा मान म्हणून नाही, खरं सांगायचं तर भीतीनं. त्यांचं काही झालं तर माझं कोण, एवढंच मनात यायचं.

मग त्यांनीच सांगितलं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी खाकी पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं.

"आठ-धा दिवस हालायचं न्हाय म्हनलेत डाक्टर. ह्यास्नी संबाळ."

अण्णा गेले आणि नेमकं त्याच आठवड्यात बदलीवाल्यांची यादी काढायचं ठरलं.

बदली कामगार म्हणजे कोण, ते सांगायला हवं. ते रोज पाळीआधी गेटवर येऊन उभे राहायचे. आत कुणी गैरहजर असलं तर त्याच्या जागी आत, नाही तर घरी. काही जण असे चार-पाच वर्षं उभे होते. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरलेल्यांना कायम करायचं, असं युनियनशी ठरलं होतं. ती यादी आमच्या मशीनमधून निघणार, लेबर ऑफिसातला कारकून दोनशे चाळीस आणि वरच्या आकड्यांपुढं लाल पेन्सिलनं खूण करणार आणि दुपारी तीनच्या भोंग्याला, पाळी बदलताना, ती गेटच्या फळ्यावर लागणार.

सकाळपासून गेटवर माणसं उभी होती. माझ्या खिडकीतून दिसत होती. बायका भिंतीच्या सावलीत बसलेल्या, पुरुष उन्हात.

साहेब बाराला आले आणि माझ्यामागं खुर्ची टाकून बसले. वाईट माणूस नव्हता, पण सारखं घड्याळ बघायचा. अंबादासनं वही धरली.

"एक?"

"वर."

"दोन?"

"खाली."

साहेबांचा बूट फरशीवर टकटक करत होता. मी मशीनसमोर उभी होते, डोळे उघडे होते, पण मी काय बघत होते देव जाणे. तोंडातून उत्तरं येत होती, बरोबर, भराभर, एकही न चुकता. अठरा झाले.

"चला, सुरू करा," साहेब म्हणाले.

"आधी अण्णांची दहा माणसं, साहेब."

"कोण माणसं?"

अंबादासनं समजावलं. साहेबांनी सुस्कारा सोडला. मी अकरा कार्डं चारली. मशीन खडखडलं आणि थांबलं. मी कागदावरच्या ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

अकरा ओळी होत्या.

"झालं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, दहा यायला पाहिजेत. अकरा आल्यात."

"मग? कमी तर नाहीत ना? एक जास्तच आली."

"चंद्रव्वा दोनदा आलीय, साहेब. एकशे तीस आणि एकशे पंधरा. वेगवेगळी."

"ही चंद्रव्वा कोण?"

"ती नाहीये, साहेब."

साहेब माझ्याकडं बघतच राहिले. आता हसू येतं, तेव्हा नाही आलं. ते म्हणाले, "बाई, जी बाई नाहीच तिच्यासाठी गेटवरची खरी माणसं ताटकळत ठेवायची? चालवा यादी."

माझ्या हातात खऱ्या कार्डांचा पहिला गठ्ठा होता. तो मशीनला लावला असता तर कुणाला काही कळलं नसतं. यादी लांबलचक, कारकून फक्त शेवटचा आकडा बघत खाली खाली जाणार. पण गेटवर एखादी तरी खरी चंद्रव्वा असणार. अर्धी या खात्यात, अर्धी त्या खात्यात. तिची एकाखाली एक दोन ओळी येतील, कुठलीच दोनशे चाळीसला पोचणार नाही, आणि ती फळ्यावर आपल्या नंबरापुढं लाल खूण शोधत राहील.

आणि चूक कुठं आहे हेही मला कळलं होतं. बारावी जागा. बेरीज कशावर, ते सांगणारी तार. नुसत्या कामगाराच्या नंबरावर, की नंबर आणि खातं दोन्हींवर. आदल्या दिवशी प्रत्येकाची खातेवार हजेरी काढली होती, तेव्हा ती उजवीकडं, दोन्हींवर होती. मी "बारा?" ला "डावीकडे" म्हटलं होतं. बघितलं नव्हतं.

"साहेब, माझी चूक आहे," मी म्हटलं. "मी न बघता सांगितलं. पाठ होतं ते सांगितलं. तार चुकीच्या जागी आहे. एवढं केल्याशिवाय मी यादी काढणार नाही."

शेवटचं वाक्य कसं आलं माहीत नाही. रोजंदारीवरच्या नववी शिकलेल्या मुलीच्या तोंडी ते नव्हतं. अंबादासनं वही छातीशी धरली.

साहेब उठले. मला वाटलं, आता अर्ज मागवणार. त्यांनी घड्याळ बघितलं, खिडकीबाहेर बघितलं.

"तीनचा भोंगा चुकेल."

"हो."

"मी जाऊन काय सांगू त्यांना?"

अंबादास एकदम बोलला, "सांगा की साहेब, बेरीज बरोबर करायलेत म्हणून. चार वर्सं थांबलेत, तास थांबतील की."

साहेब बाहेर गेले. मी बाराव्या जागेवरची तार काढली आणि डावीकडं खोचली. मग अंबादासला म्हटलं, "पहिल्यापासून विचार."

"पुन्ना अठरा?"

"पुन्हा अठरा. आणि हळू."

या वेळी मी प्रत्येक जागेवर बोट ठेवलं. एक. वर. बोट ठेवून. दोन. खाली. पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं, आणि गंमत म्हणजे सतराव्या जागेवर एक लहानसा चरा आहे हे मला त्या दिवशी समजलं. इतके दिवस ती जागा रोज माझ्यासमोर होती.

दहा माणसं चारली. दहा ओळी आल्या. चंद्रव्वा, दोनशे पंचेचाळीस.

"आली बघ," अंबादास म्हणाला.

यादी गेटवर लागली तेव्हा चार वाजून गेले होते. दोन्ही खात्यांचे दिवस मिळून पुढं गेलेले एकोणतीस जण निघाले. साहेबांनी तो आकडा दोनदा विचारला आणि कागदावर लिहून घेतला. जाता जाता म्हणाले, "त्या दहा माणसांची कार्डं नीट ठेवा हो."

दुसऱ्या दिवशी एक बाई आमच्या खिडकीशी आली. पन्नाशीची असेल. हिरवं लुगडं, केसांत सुताची कुसं.

"हितं बेरीज कोन करतं?"

अंबादासनं माझ्याकडं बोट दाखवलं. बाईनं खिडकीच्या गजांतून साखरेची पुडी आत सरकवली.

"अर्दी हितं, अर्दी तितं करत ऱ्हायले," ती म्हणाली. "सूतवाले म्हनायचे तू रिळिंगची. रिळिंगवाले म्हनायचे तू आमची न्हाईस. मला वाटलं न्हवतं कुनी दोनी मोजतील म्हनून."

मी तिला नाव विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. वेगळंच निघालं असतं.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. अण्णा उताणे, ऑपरेशन एका डोळ्याचं पण पट्टी दोन्हींवर, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पावलांवरूनच त्यांनी ओळखलं.

"काहूनबाई का?"

"तुम्हीही म्हणायला लागलात का, अण्णा?"

"यादी निगाली?"

"निघाली."

"दहा जण आले का?"

मी सगळं सांगितलं. चूकही सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "सांग बरं दहा जण."

मी सुरू केलं. गंगाराम, दोनशे चाळीस. मेव्हणा, दोनशे एकोणचाळीस. दहाच्या दहा घडघडा सांगितले.

"बघून सांगतीस का आठवून?"

कागद ऑफिसातच होता.

अण्णा हसायला लागले. डॉक्टरांनी हसायलाही मनाई केली होती, म्हणून ते तोंड मिटून हसले आणि पोट हलत राहिलं. मग म्हणाले, "एक सांगू का? वर्सभर मला वही दिसत न्हवती, अव्वा. मला तोंडपाट हुतं. तू बघून सांगायचीस आनि मी आठवून ऐकायचो."

"मला माहीत होतं, अण्णा. खुणा बाहेर जायच्या."

"मग बोलली न्हाईस ती?"

"भीती वाटली."

"मला बी," अण्णा म्हणाले. "काडून टाकतील म्हनून."

साखरेच्या पुडीतली चिमूटभर साखर मी त्यांच्या तळहातावर ठेवली. कुणाची, ते सांगितलं. त्यांनी ती बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग जिभेवर टाकली आणि म्हणाले, "चंद्रव्वाची न्हवं का?"

ते जाड भिंगांचा चष्मा लावून परत आले. पहिल्याच दिवशी मशीनसमोर जाऊन अठरा जागा स्वतः बघितल्या. मी वही धरली. सतराव्या जागेशी थांबले आणि म्हणाले, "हितं चरा कदी पडला?"

तीन-चार महिन्यांनी मला कायम केलं. साहेबांनी अर्ज काढला, चष्मा लावून वाचला, नववी या शब्दावर बोट ठेवलं आणि सही केली. मी गावी पत्र टाकलं. आईला वाचता यायचं नाही, ते कुणी तरी तिला वाचून दाखवलं असणार. उत्तर आलं त्यात एकच प्रश्न होता, तांदूळ पाठवू का.

पुढं दोन वर्षांनी अण्णा निवृत्त झाले. हारतुरे झाले, साहेब बोलले, पेढे झाले. अण्णांना बोलायला सांगितलं तर ते उठून म्हणाले, "काय बोलू? लिवून आणलं न्हाय, आनि आठवून बोलायचं न्हाय." बसले. जाताना खाकी पाकीट माझ्या टेबलावर होतं तिथंच राहू दिलं. संध्याकाळच्या एस.टी.नं अक्कलकोटला गेले. सामान एक पिशवी.

दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची भिंतीकडं सरकवलेली होती. अंबादास येता-जाता तिला वळसा घालत होता, मध्ये नव्हती तरी. काम नव्हतं. मी एक कोरं कार्ड घेतलं आणि अण्णांचा नंबर पंच केला. खातं आमचंच. मग दिवस. निरोपाच्या वेळी ऑफिसनं त्यांच्या एकतीस वर्षांच्या हजेरीची बेरीज वाचून दाखवली होती, नऊ हजार तीनशे सत्तावीस. पण आमच्या कार्डावर दिवसांना जागा तीनच घरांची. यादी एका वर्षाची असते, कुणाचे दिवस तीन घरांबाहेर जात नाहीत. मी एक घर वाढवून चार आकडे पंच केले.

"हे काय?" अंबादासनं विचारलं.

"अकरावा माणूस. न मावणारा. मशीन काय करतं बघू."

अठरा जागा तपासल्या, बोट ठेवून. मग बारा कार्डं चारली. अकरा ओळी आल्या. दहा बरोबर. अकराव्या ओळीत अण्णांचा नंबर आणि पुढं तीनशे सत्तावीस. सुरुवातीचा नऊ मशीननं न सांगता गाळून टाकला होता.

पुढं ते मशीन गेलं, नवीन आलं, तेही गेलं. गिरणीचा भोंगा बंद पडला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी सोलापूरची झाले, शेंगाचटणी मला सोसते. बारा कार्डांचं पाकीट माझ्या कपाटात आहे. त्यात त्या दिवशीचा कागदही घडी घालून ठेवलाय.

अंबादासनं तेव्हा तो कागद माझ्या हातातून घेतला होता, शेवटची ओळ वाचली होती आणि टेबलावरची लाल पेन्सिल उचलली होती.

"दोनशे चाळीसच्या वर हायेत की," तो म्हणाला, आणि अण्णांच्या आकड्यापुढं त्यानं खूण केली. बघून, सावकाश, चौकटीच्या आत.